नाव म्हणजे अक्षरेच का?

संगणकाच्या लेखी ‘औसा’ हे लातूरकडच्या गावाचे नाव तीन चिन्हांचे आहे: औ, स आणि काना. युनिकोडमध्ये प्रत्येकाला आपापला क्रमांक असतो. पण नुसता अ लिहून त्याला औकाराचे चिन्ह जोडले, तरी अनेक ठिकाणी पडद्यावर हुबेहूब औ उमटतो. युनिकोडने ही रीत वापरू नये असे बजावले आहे आणि काही प्रणाली तिथे ठिपक्यांचे वर्तुळ घालून चूक दाखवतात. तरी ती टंकता येतेच. लातूरचा वाचक दोन्हींत एकच गाव वाचतो. यंत्राच्या मते मात्र ती दोन नावे आहेत.

शब्द म्हणजे नेमके काय, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद. ‘गौः’ म्हणजे गकार, औकार आणि विसर्ग, त्यापलीकडे काही नाही, हे उपवर्षाचे मत मीमांसक शबराने नोंदवले आहे. वैयाकरण भर्तृहरीला ते पटणारे नव्हते. वर्ण एकामागून एक उमटून विरतात. त्यांच्याद्वारे प्रकट होणारा अखंड स्फोट हाच शब्द, अशी त्याच्या ‘वाक्यपदीया’ची भूमिका. संगणक उपवर्षाच्या बाजूचा, वाचक बहुधा भर्तृहरीच्या.

दोघांची गाठ वेबपत्त्यात पडते. तिथली नामव्यवस्था रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ यांवर उभी आहे. म्हणून २००३ साली ठरलेल्या प्युनिकोडनुसार देवनागरी नाव ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन माळेत बदलून पाठवले जाते. २०१४ साली सुरू झालेले ‘.भारत’ही आतून तसेच धावते.

मराठीची खरी पंचाईत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत होते. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ‘दऱ्या’तला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र च्या हलन्तानंतर न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. वेबपत्त्यांच्या २००३च्या नियमांत हे अदृश्य चिन्ह गाळले जाई. म्हणजे दऱ्यांचा दर्या होई! २०१०च्या नियमांनी हलन्तानंतर त्याला जागा दिली. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मात्र आजही पहिल्या रीतीचे ‘दऱ्या’ चलाचे नाव म्हणून चालते, दुसऱ्या रीतीचे नाकारले जाते.

अशा वेळी न्यायदर्शनातल्या नैयायिकांचे म्हणणे उपयोगी पडते: शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो. ऱ आणि नुक्ता दिलेला र एकच मानावेत, हा युनिकोडचा संकेत. औ च्या दोन रूपांना मात्र ती सवलत नाही. डोळ्यांना दोन्ही जोड्या सारख्याच दिसतात, त्यामुळे हा भेद व्याकरणातून निघत नाही, तो ठरावाचा आहे.

नामभक्तीची वाट आणखी वेगळी. औशाच्या नाथ संस्थानाने चक्रीभजनात जपलेल्या वारकरी परंपरेत नाम आणि नामी वेगळे नाहीत, आणि उच्चार चुकला म्हणून नाम वाया जात नाही. ‘मरा मरा’ म्हणणाऱ्या वाल्या कोळ्याची कथा हेच सांगते. गंमत अशी की ‘मरामरा’ सलग लिहिले तर यंत्रालाही त्यात ‘राम’ सापडतो, कारण र, काना आणि म तिथे ओळीने येतात. मध्ये मोकळी जागा सोडली की मात्र सापडत नाही.