मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

एका खेडेगावच्या प्राथमिक शाळेतील मास्तरांनी गेल्या वर्षी आम्हांस विचारले, "शाळेच्या ग्रंथालयासाठी चांगल्या पुस्तकांची यादी करून द्याल का?" आम्हांस मोठा संतोष झाला. एका बैठकीत चाळीस पुस्तकांची यादी लिहून दिली. संतचरित्रे, थोरांच्या आठवणी, बोधकथा, 'श्यामची आई'. आणि शेवटी जागा उरली म्हणून ना. धों. ताम्हनकरांचे 'गोट्या'.

यंदा त्या शाळेत जाण्याचा योग आला. कपाटाला कुलूप होते. मास्तरांनी ते काढून दाखविले. पुस्तके दुकानातून आली तशीच कोरी! एकट्या 'गोट्या'चा पुठ्ठा निखळला होता, पानांवर तेलकट बोटांचे डाग होते. मास्तर ओशाळून म्हणाले, "हे एक पोरांनी कपाटात ठेवू दिलं नाही. पार खराब केलं बघा." तिसरीतली एक मुलगी दाराशी उभी होती. तिने हळूच विचारले, "गुरुजी, चित्रांचं एखादं नाही का?" चाळीसांत तसे एकही नव्हते.

वाचकहो, त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. ती यादी आम्ही कोणासाठी केली होती? मुलांसाठी, की आपण चांगले सांगितले या समाधानासाठी? ज्याला सांगायचे त्याचे तोंडही न पाहता केलेला उपदेश हा उपदेश नव्हे, तो अहंकार होय.

कोणी म्हणेल, "मग काय पोरांना आवडेल तेच द्यावे? गोड आवडते म्हणून रोज गूळच चारावा?" शंका रास्त आहे. वडीलधाऱ्यांनी निवड करू नये असे आमचे म्हणणे नाही. पण आई लेकराला घास भरविते तेव्हा काय करते? आधी स्वतः चाखते, निववते, लेकराच्या तोंडाएवढा करते. दात न आलेल्या लेकराला ती भाकरी देत नाही. म्हणून काही भाकरी वाईट ठरत नाही. परमार्थात आपण अधिकार पाहावा म्हणतो, तोच न्याय येथे लावावा.

लहानग्यांना माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' द्यावे. त्यातली घरची माणसे ओळखता ओळखता मूल अक्षरांपाशी येते. मग विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' मोठ्याने वाचून दाखवावी. चौथी-पाचवीला 'गोट्या' आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. 'श्यामची आई' त्यानंतर. सातव्या वर्षी हाती दिली तर मूल कंटाळते. बाराव्या वर्षी तीच वाचताना डोळे भरून येतात.

राहिले कुलूप. पुस्तक हरवले तर हिशेब कोणी द्यायचा, ही मास्तरांची भीती खोटी नाही. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय, आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही, असावीत असे सांगितले ते काय कपाटाच्या शोभेसाठी? रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हा त्यांतला पहिलाच. ज्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, त्यांनीच १९४७ साली पांडुरंगाचे दार सर्वांना उघडावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले. त्यांचे पुस्तक आमच्या यादीने शाळेत आले आणि कुलपात पडले! याहून लाजिरवाणे ते काय?

नवी यादी आम्ही केली नाही. मास्तरांशी बोलून एवढेच ठरविले की दर शनिवारी शाळा सुटल्यावर कपाट उघडायचे, मुलांनी पुस्तके घरी न्यायची, हरवले-फाटले तर भरपाई आमची. पहिल्या शनिवारी आम्ही पाच पुस्तके आधी स्वतः वाचून घेऊन गेलो. चित्रांचे होते ते त्या मुलीला दिले. ती घरापर्यंत गेलीच नाही. शाळेच्या पायरीवरच उघडून बसली.

वाचकहो, आपल्या गावच्या शाळेतही कपाट असेलच. त्याला कुलूप आहे का, एवढे तरी एकदा पाहून यावे.