सही जुळत नाही

माझ्या उजव्या डोळ्याची सही जुळत नाही, असा शेरा परवा एका यंत्राने मारला. यंत्राचे नाव ओसीटी. १९९१ साली ते जगापुढे आले. डोळ्यात प्रकाश सोडायचा, परत येईल त्यावरून आतल्या पडद्याच्या थरांची जाडी मायक्रॉनमध्ये काढायची आणि ती निरोगी माणसांच्या नमुन्याशी ताडून पाहायची. जुळली तर हिरवा रंग, काठावर असली तर पिवळा, नाहीतर लाल. माझा कागद लाल! "काचबिंदू," असे पुटपुटत सौ.ने रिक्षात माझा हात धरला. (असे प्रसंग आता दुर्मीळ.)

दुसऱ्या डॉक्टरांनी कागदाआधी माझा चष्मा पाहिला.

"नंबर?"

"उणे आठ."

ते हसले. म्हणाले, निरोगी शंभरांतही सर्वांत पातळ थराच्या एकाला हे यंत्र लाल शाई लावणारच, हिशेबच तसा आहे. त्यात आम्हा जाड भिंगवाल्यांचा डोळा लांबट. मज्जातंतूंच्या जुड्या जरा कानाच्या बाजूला सरकलेल्या, म्हणून ठरल्या जागी थर पातळ दिसतो. डोळा कोरडा असला किंवा मोतीबिंदू असला तरी चित्र पुसट येते आणि थर आहे त्याहून पातळ मोजला जातो. मी तर ऐन वेळी पापणी मिटली होती! याला डॉक्टरमंडळी 'रेड डिसीज' म्हणतात. रोग कागदाला, झोप उडते माणसाची. उलटही होते म्हणे. कागद हिरवागार आणि आत काचबिंदू.

"सहा महिन्यांनी पुन्हा या. तेव्हा तुमची तुलना तुमच्याशीच करू."

मग यंत्र खोटे बोलले का? तसेही म्हणवेना. 'हा डोळा चारचौघांसारखा आहे का?' एवढेच त्याला विचारले होते. त्याने 'नाही' म्हटले, आम्ही 'आजारी' ऐकले. इथवर विचार आला आणि मला एकदम आमच्या काउंटरवरचे ते पेन्शनर काका आठवले. हात कापतो त्यांचा. गेल्याच महिन्यात मी त्यांचा चेक परत केला होता.

"अहो साहेब, मी समोर उभा आहे ना!"

"काका, तुम्ही जुळता हो, सही जुळत नाही."

सगळे काउंटर हसले होते. मीही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नमुना सहीची तारीख काढून पाहिली. १९८७! काकांना फोन करून बोलावले, खुर्ची दिली, नवा फॉर्म पुढे ठेवला. त्यांनी जपून, जीभ दातांत धरून तीन सह्या केल्या.

तिन्ही वेगळ्या.