कष्ट आणि इजा



आपल्या चर्चचे आवार झाडणाऱ्या मावशींना आपण सर्वच ओळखतो. सकाळच्या मिस्सेआधी त्यांचे काम आटोपलेले असते. मध्यंतरी एकदा त्या भिंतीला टेकून उभ्या दिसल्या. "फादर, कंबर धरलीय," म्हणाल्या. "मावशी, जरा जपून वाकत जा," असे सांगून आम्ही पुढे गेलो. आपले कर्तव्य झाले, असेच आम्हांला वाटले.

नंतर एक जुनी घटना आठवली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लेट्यूसच्या शेतांत विरळणीसाठी मजुरांना आखूड दांड्याची कुदळी दिली जाई. दांडा जेमतेम फूटभर. दिवसभर कमरेतून वाकल्याशिवाय ती चालवताच येत नसे. मालक म्हणत, जवळून काम केले की रोपांची नासाडी होत नाही. मजुरांचा अनुभव निराळा होता. सगळे वाकलेले असले की कोण क्षणभर उभा राहिला, हे मुकादमाला लांबूनच दिसे.

डॉक्टरांनी साक्षी दिल्या की, अशाने पाठीच्या कण्याला कायमची इजा होते. सरकारी खात्याचा युक्तिवाद असा, की कुदळी मोडकी नाही, तिच्यात दोष नाही. मग ती असुरक्षित कशी? १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद नाकारला. जे अवजार ठरल्या रीतीने वापरूनही शरीराची हानी करते, तेही असुरक्षितच होय. पुढे लांब दांडा आला. लेट्यूसची शेती काही बंद पडली नाही.

येथे एक नैतिक प्रश्न आहे. इजा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अपघात येतो. अपघाताला दिवस असतो, वेळ असते, बहुधा कोणीतरी दोषीही असतो. पण वीस वर्षांत थोडी थोडी झिजलेली कंबर? तिला तारीख नाही, म्हणून दोषीही नाही. उलट आपण दुखणाऱ्यालाच म्हणतो, 'तू नीट वाकला नाहीस.' मात्र ओझे कसे उचलावे याच्या प्रशिक्षणावरील अनेक अभ्यास २०११ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा केवळ अशा शिकवणीने कंबरदुखी टळते असे आढळले नाही. काम आणि शरीर यांचा मेळ अभ्यासणारे शास्त्र, एर्गॉनॉमिक्स, म्हणूनच सांगते की, माणसाला कामाजोगे वाकवू नका, काम माणसाजोगे करा.

कोणी म्हणेल, "फादर, घाम गाळल्याशिवाय भाकर कुठे मिळते?" खरे आहे. पण कष्ट वेगळे, इजा वेगळी. कष्ट कामाच्या पोटातच असतात. पुष्कळदा इजा मात्र कामाच्या मांडणीतून येते. रोपांना मजुराची मेहनत हवी होती, त्याचा मोडलेला कणा नको होता. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा त्रास कामाला हवा आहे, की आपल्या सोयीला? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या परिपत्रकात हेच तत्त्व मांडले: काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही.

मावशींचा झाडू हातभर लांबीचा होता. तो आम्ही रोज पाहत होतो, पण दिसत मात्र नव्हता. बाजारातून लांब दांड्याचा झाडू आणायला अर्धा तासही लागला नाही. मावशींची कंबर अजून दुखतेच. झिजलेले एका झाडूने भरून येत नाही. "हा आधी मिळाला असता तर!" एवढेच त्या म्हणाल्या. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

या रविवारी घरी गेल्यावर आपणही पाहावे. आपल्या घरात, वाडीत, दुकानात, गोदामात आपल्यासाठी कोण वाकते? 'जपून' म्हणण्याआधी त्याच्या हातात आपण काय दिले आहे, तेवढे बघावे.

आपले,
प्रमुख धर्मगुरू