पट्टीची पावती

गुढीपाडव्याच्या आगेमागे आमच्या घोडनदीकाठच्या गावात संध्याकाळी पाच-सहा जण जत्रेच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरू लागतात. त्यांत एक म्हातारे पंच असतात, बाकीची तरणी पोरं आणि एकाच्या खांद्याला कापडी पिशवी. ओट्यावर टेकायचं, पाणी प्यायचं, "दादा, औंदा पट्टी एवढी ठरली," म्हणायचं आणि पावती फाडायची. वर ग्रामदैवताचं चित्र, खाली यात्रा कमिटीचं नाव, त्याखाली घरातल्या कर्त्याचं. माझे वडील ही पावती देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवत. जुनी वीजबिलं कधीच चुलीत गेली, पट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा मात्र अजून त्या खिळ्याला आहे.

मी गेली बरीच वर्षं पुण्यात राहतो. एप्रिल उजाडला की आमच्या सोसायटीच्या फलकावर उन्हाळी शिबिरांची पत्रकं लागतात. पोहणं, चित्रकला, नाट्यशिबिर, आणि प्रत्येकाखाली फी. त्यात वाईट काहीच नाही, पोरं तिथं खरोखर शिकतात. एकदा त्या फलकापुढं उभी राहून माझ्या मुलीनं विचारलं, "बाबा, आपल्या गावच्या जत्रेचं तिकीट केवढं असतं?" मी म्हणालो, "तिकीट कसलं? फुकट असते." म्हटलं खरं, पण शब्द तोंडातून गेल्यावर तो चुकल्यासारखा वाटत राहिला.

जुन्नर-आंबेगावात चैत्र-वैशाखात कुठं ना कुठं जत्रा चालूच असते. फलकावर 'यात्रा' लिहितात, तोंडी सगळे जत्राच म्हणतात. सकाळी देवाला अभिषेक. मग मांडवडहाळे, म्हणजे हिरव्या डहाळ्या बैलगाडीत भरून वाजतगाजत देवळापुढं आणायच्या. शेरणीचा गूळ वाटायचा. रात्री पालखीचा छबिना, शोभेची दारू आणि मग तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तमाशाची हजेरी, म्हणजे दिवसाउजेडीचा खेळ, आणि उन्हं कलली की कुस्त्यांचा हगामा. ज्या गावाला शर्यतीचा घाट आहे तिथं बैलगाडे. यांतल्या कुठल्याही ठिकाणी वाटेत हात आडवा धरून पैसे मागायला कोणी उभं नसतं. पाळण्याचे आणि गोडीशेवेचे तेवढे आपले आपण द्यायचे.

हगाम्यात आधी लहान पोरं उतरतात, रेवडीवर. सात-आठ वर्षांची, चड्डी सावरत, अंगाला माती फासून. पंच दोघांचे हात धरून उंची बघतात, जोड लावतात आणि जिंकला-हरला दोघांच्याही मुठीत रेवड्या कोंबतात. मी एकदा हरून रडत होतो, तेव्हा ज्यानं मला पाडलं त्यानंच त्याच्या मुठीतल्या दोन रेवड्या माझ्या हातावर ठेवल्या. त्या घामानं चिकट झाल्या होत्या आणि त्यांवरचे तीळ सुटून तळव्याला लागले होते. तो आज टोमॅटोचा बागाईतदार आहे. अजून भेटला की आधी खांद्यावर हात टाकतो.

ही जत्रा उन्हाळ्यातच का, याचं उत्तर शेतात आहे. गहू-हरभरा घरात आला, ज्वारीची खळी उठली आणि पाऊस अजून दोन महिने लांब. रान मोकळं, बैल मोकळे, माणसाच्या हातात चार पैसे. कोरडवाहू शेतीनंच ही सवड दिली होती. पुढं कुकडीचं आणि डिंभ्याचं पाणी आलं, ऊस आला, टोमॅटो आला, आणि ही सवड आटली. ऐन जत्रेच्या दिवसांत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरत असतात. माझा चुलतभाऊ गेल्या साली पालखीला आला तो बाजारातून थेट, बोटांवर टोमॅटोच्या पाल्याचा हिरवा-काळा थर घेऊन. हात धुवायलाही न थांबता त्यानं पालखीला खांदा दिला. पाणी आलं हे चांगलंच झालं. आमच्या आज्यानं ज्या रानात बाजरीसुद्धा मुश्किलीनं पिकवली तिथं आज नातवंडांच्या शिक्षणाचा खर्च निघतो. तरी चुलतभाऊ दोन दिवस काढतो. ते दोन दिवस त्याला महाग पडतात, आणि कोणी न सांगता तो ते देतो.

मुंबईच्या डबेवाल्यांचंही असंच. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली माणसं त्यांच्यात मोठ्या संख्येनं आहेत. १८९० पासून चालत आलेलं हे काम पावसाला थांबत नाही, पण चैत्रात गावोगावच्या जत्रांसाठी ते पाच-सहा दिवस रजा घेतात. तशी बातमी दर वर्षी वर्तमानपत्रात येते. मला ती बातमी वाचायला फार आवडते. एवढ्या मोठ्या शहरातली ऑफिसं आठवडाभर दुपारच्या जेवणाची दुसरी सोय बघतात, कारण कुठल्याशा छोट्या गावात देवाची पालखी निघणार असते आणि तिला खांदा द्यायला माणूस हवा असतो.

घरी या दिवसांत पाहुणा मावत नाही. लेकी माहेरी येतात, त्यांची सासरची माणसं येतात, वडलांच्या कारखान्यातला कोणी जुना सोबती येतो. सगळ्यांना मासवडी. बेसन घाटून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं भाजलेलं सारण पसरायचं, फडक्यानंच गुंडाळी वळायची आणि वड्या पाडायच्या. सोबत झणझणीत रस्सा. आई एका जत्रेत किती वड्या पाडायची याची मोजदाद कधी कोणी केली नाही. जेवायला आलेला माणूस आपल्या ओळखीचा आहे का, हेही ती विचारत नसे.

आता तमाशाविषयी थोडं थांबून लिहितो, कारण माझ्या मनातली गोष्ट तिथंच आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव ही तमाशाची पंढरी. जत्रांचा हंगाम जवळ आला की तिथं फडमालकांच्या राहुट्या पडतात. बाहेर कलावंतांची रंगीत चित्रं असलेले फलक, आत सतरंजी आणि तारखांची वही घेऊन बसलेला व्यवस्थापक. पाडव्याला गावोगावचे पंच तिथं येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस करतात आणि सुपारी देतात. चैत्री पौर्णिमेची आणि अष्टमीची तारीख मिळणं सगळ्यांत अवघड. मोठ्या फडाची सुपारी लाखांच्या घरात जाते. मी वडलांबरोबर एकदा गेलो होतो. ते बोलणी करताना बंडीच्या खिशातली कमिटीची यादी पुन्हा पुन्हा चाचपत होते. त्या यादीत आमच्या गावातल्या मोलमजुरी करणाऱ्या विधवेचीही पट्टी होती, आणि कारखान्याच्या संचालकाचीही. रक्कम सारखीच. संचालकानं वर देणगी दिली होती, ती वेगळी. पट्टी भरली की ती बाई त्या रात्री पहिल्या रांगेत बसायला मोकळी, कोणाच्या मेहेरबानीवर नाही.

मुलीला मी 'फुकट' म्हणालो ते इथं चुकलं. तिकीट नसतं, कारण ते आधीच सगळ्यांनी मिळून काढलेलं असतं. परगावच्या माणसाचंही. तो आमच्या पैशानं तमाशा बघतो आणि पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच्या गावी त्याच्या पैशानं.

पण एक हिशेब या पावतीत येत नाही. मी दहाएक वर्षांचा असताना हजेरीच्या दिवशी भल्या पहाटे आमच्या दारात दोन बाया आल्या. रात्री ज्यांना मी दिव्यांच्या झगमगाटात गवळणीत पाहिलं होतं त्याच, पण मला आधी ओळखू आल्या नाहीत. चेहऱ्यावरचा रंग अर्धवट पुसलेला, पायांना घुंगरांचे वळ, आणि एकीच्या कडेवर तान्हं मूल. "ताई, बाळाला धुवायला जरा ऊन पाणी मिळंल का?" आईनं चुलीवरचा हंडा उतरवला, न्हाणीच्या दाराला लुगड्याचा आडोसा केला आणि त्या दोघींना आत पाठवलं. बाळाला तिनं स्वतः मांडीवर घेऊन तेल लावलं. मग चहा-भाकरी झाली. गावातल्या काहींना ते रुचलं नाही आणि दोन-चार दिवस कुजबुज झाली. आई एवढंच म्हणाली, "रातभर गावासाठी नाचल्या, आन् न्हायला जागा नाही व्हय त्यास्नी?"

त्याच नारायणगावच्या तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग. भाऊ-बापूंच्या फडात वाढलेल्या, पुढं स्वतःचा फड उभा केलेल्या. प्रयोग चालू असताना मागं जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. शेवटचे दिवस मात्र हलाखीत गेले आणि २००२ मध्ये त्या गेल्या. आज राज्य सरकारचा तमाशाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. ती बाळंतपणाची हकिकत आपण अभिमानानं सांगतो. मला ती ऐकताना आईच्या मांडीवरचं ते तान्हं मूल आठवतं आणि वाटतं, त्या वेळी समोर बसलेल्या गावानं एक रात्र तमाशा बंद ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशभरातली टाळेबंदी सुरू झाली तो पहिलाच दिवस. सुपारी देण्याचा सगळ्यांत मोठा दिवस असा गेला. सलग दोन उन्हाळे जत्रा नाहीत, म्हणजे फडांना वर्षाची कमाई नाही. कलावंतांनी मोलमजुरी केली, मालकांनी कर्जं काढली. आम्ही त्या दोन वर्षांत पट्टी भरली नाही आणि आमचे पैसे वाचले. ते पैसे नारायणगावला पोचवावेत, हे त्या वेळी आमच्या कमिटीला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. ही खंत माझ्या मनातून जात नाही. २०२२ च्या पाडव्याला निर्बंध उठले आणि राहुट्या पुन्हा लागल्या.

घाटाचीही रिकामी वर्षं मी पाहिली आहेत. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. आमच्याकडं गाड्यावर हाकायला माणूस बसत नाही. पुढं घोडी पळते, मागं चार बैल, आणि काही सेकंदांत बारी संपते. तेवढ्यासाठी शेतकरी वर्षभर बैलाला पोरासारखा सांभाळतो. मात्र चाबूक, काठी, शेपटी पिरगाळणं यांना मनाई करणाऱ्या अटी जशाच्या तशा पाळायला हव्यात. ज्याचं बैलावर खरं प्रेम आहे त्याला त्या जड जाणार नाहीत.

रात्र आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. ध्वनिक्षेपकाची वेळ ठरलेली असते, त्यामुळं पहाटेपर्यंत रंगणारा वग कधीच आखडला. उसात बिबटे वाढले. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र आमच्याच भागात आहे, ते उगाच नाही. तमाशा सुटल्यावर पूर्वी आम्ही बांधाबांधानं गाणी म्हणत वस्तीवर जायचो. आता कोणी एकटं निघत नाही. पिकअपमध्ये बायापोरांना भरून, हातात बॅटऱ्या घेऊन, दर वस्तीवर थांबत एकेकाला दारापर्यंत सोडतात. गेल्या साली गाडी आमची नव्हती, चालकालाही मी ओळखत नव्हतो. मुलगी झोपेत होती, तिला त्यानंच अंगणात उतरवून घेतलं.

सकाळी ती माझ्याबरोबर हजेरीला आली. देवळापुढच्या लिंबाखाली मोजकीच माणसं होती. उन्हात रंग न लावता कलावंत गात होते आणि एक वयस्कर ढोलकीवाले डोळे मिटून वाजवत होते. मुलीनं अर्धा तास हाताची घडी सोडली नाही. नंतर विचारलं, "बाबा, यांची आंघोळ कुठं झाली?" गावच्या शाळेमागं टँकर उभा होता. तिथंच, उघड्यावर. मी तिला तसं सांगितलं.

या सुट्टीत मुलांना घेऊन आपापल्या गावच्या जत्रेला जा आणि रात्रीच्या तमाशाबरोबर सकाळच्या हजेरीलाही बसा. पंच दारात आले की पट्टी त्याच दिवशी द्या. आणि कमिटीत कोणी ओळखीचं असेल तर त्यांना एवढं सांगा: औंदाच्या खर्चाच्या यादीत एक बाब वाढवा, तमाशातल्या बायांसाठी बंद दाराची न्हाणी आणि हंडाभर ऊन पाणी.