भिंत नसलेला तुरुंग



तुरुंग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उंच भिंत येते. पण आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील मोर्शी येथे, खुले कारागृह आहे. बंद कारागृहात काही वर्षे चांगली वागणूक ठेवलेल्या बंद्यांना निवडून तेथे पाठवतात. ते शेतात राबतात, मजुरी मिळवतात, त्यांना शिक्षेत माफीही मिळते. वेळेवर गिनती होते. बाकी पहारा ज्याचा त्यानेच ठेवायचा. पळाला, तर पुन्हा बंद कारागृह.

बराकीत वर्षे काढलेला माणूस तेथे पहिल्यांदा उतरतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल? आनंद होतच असेल. पण थोडी भीतीही वाटत असावी. कालपर्यंत त्याला भिंतीने अडवले होते. आजपासून त्याने स्वतःला आवरायचे आहे.

हा विचार आपल्याकडे जुना आहे. १९३९ साली औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या अभियंत्याच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत वसवली. खुनाची शिक्षा झालेले कैदी तेथे कुटुंबासह राहून शेती करू लागले. त्यावरूनच १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला.

पण ज्या घरातला माणूस मारला गेला, त्या घराने हे कसे सोसावे? हा प्रश्न खरा आहे आणि तो आपण टाळू नये. विश्वास ठेवणे म्हणजे गुन्हा विसरणे नव्हे. शिक्षा चालूच असते. मात्र, ‘आधी सुधारून दाखव, मग विश्वास ठेवू,’ असे म्हटले, तर त्याने ते कोठे दाखवावे? बंद दाराआड प्रामाणिकपणाची परीक्षा होत नाही.

शेवटी प्रश्न आपल्यापर्यंत येतो. शिक्षा संपवून कोणी पारशिवनीला परत आला, तर आपण त्याला धानाच्या रोवणीला बोलावू का? मिस्साच्या वेळी त्याच्या शेजारी बसू का? सरकारने कुलूप काढल्यावर आपण ते पुन्हा लावत तर नाही ना? प्रभू येशूने स्वतःला बंदिवानांमध्ये गणले आहे. दुसऱ्या कोणी पुढाकार घ्यावा म्हणून न थांबता, अशा माणसाला नावाने हाक मारण्यापासून आपण सुरुवात करू या.