गायन मास्तरांची पात्रता

शाळेसाठी संगीत शिक्षक पाहिजे अशी जाहिरात कुठे आली की गाणं शिकलेल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘विशारद चालेल का?’ त्यावर चौघांची चार उत्तरं येतात, आणि गंमत म्हणजे चारही खरी असतात. केंद्रीय विद्यालयात प्राथमिक वर्गांच्या संगीत शिक्षकाला बारावी पन्नास टक्क्यांनी आणि वर संगीतातली पदवी किंवा तिच्या तोडीचं काही लागतं. नवोदय विद्यालयाच्या जाहिरातीत पदवीच्या जोडीला बारावी आणि गांधर्व महाविद्यालयाचं किंवा भातखंडे विद्यापीठाचं विशारद असाही पर्याय दिलेला असतो. दोन्ही संस्था केंद्र सरकारच्या, दोन्हीकडची मुलं याच देशातली, आणि सा रे ग म तर सगळीकडे सारखेच. मग खासगी इंग्रजी शाळा येतात. तिथे व्यवस्थापनाला जे पटेल ते चालतं. पेटी बरी वाजवतो आणि गॅदरिंग बसवून देतो एवढ्यावर नोकरी मिळालेले कितीतरी जण तुमच्याही ओळखीत असतील.

हा घोळ का आहे, याचं उत्तर कायद्यात आहे. १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या बाविसाव्या कलमानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच असतो. विशारदची परीक्षा घेणारं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ यांपैकी काहीच नाही. त्यामुळे प्रारंभिकपासून सात परीक्षा देऊन विशारद पूर्ण झालेल्या माणसाच्या हातात प्रमाणपत्र असतं, पदवी नसते. ते पदवीच्या बरोबरीचं मानायचं की नाही, हे नोकरी देणारा ठरवतो. एका खात्यात ते चालतं, दुसऱ्या खात्यात नाही, आणि उमेदवार शासन निर्णयांच्या झेरॉक्स फाइलला लावून कार्यालयांच्या पायऱ्या चढत राहतो.

ज्या माणसाच्या परंपरेतून हे मंडळ उभं राहिलं त्याला पदवीशी काही देणंघेणं नव्हतं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं शिकायचं म्हणजे एखाद्या खाँसाहेबांच्या किंवा बुवांच्या घरी पडेल ते काम करत वर्षानुवर्षं राहायचं, अशी रीत होती. पलुस्करांनी वर्ग भरवले, अभ्यासक्रम आखला, स्वतःचा छापखाना घालून स्वरलिपीतली छोटी छोटी पुस्तकं छापली. आणि आज ज्याची कुणाला आठवण नाही असं एक काम केलं : गाणं शिकवायला बाहेर पडणाऱ्यांसाठी त्यांनी वेगळा उपदेशक वर्ग चालवला. गवई होणं निराळं आणि गाण्याचा मास्तर होणं निराळं, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं. यांतल्या प्रत्येकाने मैफलीबरोबर शिकवण्याचंही काम आयुष्यभर केलं. पलुस्कर १९३१च्या ऑगस्टमध्ये गेले, त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापन केलं, आणि परीक्षांचं जाळं देशभर पसरलं. ते जाळं टिकलं. उपदेशक वर्ग मात्र कुठे विरला ते कळलंच नाही.

विशारदच्या परीक्षेत काय विचारतात? बडा ख्याल, छोटा ख्याल, आलाप-ताना, धृपद-धमाराची दुगुण-चौगुण, पलुस्कर आणि भातखंडे या दोन्ही पद्धतींची स्वरलिपी, घराण्यांची वैशिष्ट्यं, आणि शेवटी मंचप्रदर्शन. विद्यापीठाच्या बी.ए.ला किंवा बी.पी.ए.ला याच गोष्टी जास्त खोलात जाऊन असतात, जोडीला सौंदर्यशास्त्र, इतिहास, ध्वनिशास्त्र. पुण्याच्या ललित कला केंद्रात तर गुरुकुल पद्धतीने तालीम मिळते. मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागाला अशोक दा. रानडे यांच्यासारखा विचारवंत लाभला होता. या अभ्यासाला नावं ठेवायचं मला काहीच कारण दिसत नाही. गवयासाठी तो चांगलाच आहे. पण पाचवी ‘ब’च्या पंचावन्न मुलांना पस्तीस मिनिटांच्या तासिकेत एक गाणं सुरात म्हणायला कसं शिकवायचं, याचा एकही गुण यांपैकी कुठल्या परीक्षेत नाही.

तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत असा तास बसून पाहिला. मास्तर विशारद, आवाज तयार, पट्टी काळी एक. प्रार्थनेची नवी चाल शिकवायची होती. त्यांनी पेटीवर सूर धरला आणि स्वतःच्या गळ्यात बसेल अशा उंचीवर पहिली ओळ म्हटली. पुढच्या बाकांवरची मुलं त्यांच्या खर्जाला गाठायला म्हणून घशातून गुरगुरू लागली, मधल्या मुली एक सप्तक वर गेल्या, आणि मागच्या बाकांवरच्यांनी जिथे जमेल तिथे ओरडायला सुरुवात केली. मास्तरांनी ओळ आणखी मोठ्याने म्हटली, मुलं आणखी मोठ्याने ओरडली. मिशा फुटू लागलेला एक मुलगा प्रामाणिकपणे सूर शोधत होता. त्याचा आवाज फुटलेला, दोन सूर खाली दोन सूर वर अशी उडी मारायचा, आणि वर्ग हसायचा. मास्तर त्याला म्हणाले, ‘तू नुसते ओठ हलव रे.’

मास्तर वाईट नव्हते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की बाप्याचा गळा आणि दहा वर्षांच्या पोराचा गळा यांत जवळजवळ एका सप्तकाचं अंतर असतं, की लहान मुलांना पट्टी त्यांच्या गळ्यावरून ठरवावी लागते, की मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत पसरलेली चाल त्यांना पेलत नाही, आणि की आवाज फुटण्याच्या वर्ष-दीड वर्षात मुलाला गप्प बसवायचं नसतं, मधल्या चार-पाच सुरांत फिरणारं काही हळू आवाजात गायला द्यायचं असतं. आवाजाचा हा अभ्यास मराठी मुलखात झालेला नाही असंही नाही. बा. र. देवधरांनी आवाजसाधनेवर आयुष्य घातलं, रानडे त्यांच्याकडून ते शिकले आणि त्यांनी ते नटांपर्यंत, निवेदकांपर्यंत नेलं. शाळेच्या वर्गापर्यंत मात्र ते कुणीच नेलं नाही.

त्याच शाळेत चौथीला मराठी शिकवणाऱ्या एक बाई आहेत. डी.एड. झालेल्या, संगीताची एकही परीक्षा न दिलेल्या. त्या पेटीला हात लावत नाहीत. एखाद्या मुलीला उभी करून तिला येतं ते गाणं म्हणायला लावतात, तिचा जो सूर लागेल तोच सगळ्या वर्गाचा. मग अर्धी ओळ, टाळी, अर्धी ओळ, टाळी. भोंडल्याची गाणी, आजीकडून आलेल्या ओव्या, सगळं पाच-सहा सुरांत बसणारं. दहा मिनिटांत वर्ग एका गळ्याने गायला लागतो. या बाई कुठल्याही जाहिरातीच्या निकषांत बसणार नाहीत, हे सांगायला नको.

इथे कुणी म्हणेल, मग बी.एड. कशासाठी असतं? पद्धत शिकवायलाच ना? असतं, पण संगीत शिक्षकाच्या ते फारसं कामाला येत नाही. बी.एड.ला अध्यापन पद्धतीचे विषय घ्यावे लागतात. बहुतेक महाविद्यालयांत ते मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल. संगीताची अध्यापन पद्धती मिळणारी ठिकाणं शोधावी लागतात. म्हणजे बी.ए. संगीत झालेल्या मुलीने बी.एड. केलंच, तर ती सराव पाठ घेते इतिहासाचे आणि पाठ टाचण लिहिते मराठीचं. वरिष्ठ पातळीवर तरी स्पष्टता असावी, तर तिथेही तेच. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०११ साली शिक्षकांच्या किमान पात्रतेची अधिसूचना दुरुस्त केली तेव्हा भाषा, गणित, सामाजिक शास्त्रं यांची पात्रता तपशिलाने दिली. कला, हस्तकला वगैरे शिक्षकांपाशी आल्यावर मात्र परिषद आपले निकष ठरवेपर्यंत राज्यांचे आणि शाळांचे चालू नियमच लागू राहतील, असं म्हणून विषय पुढे ढकलला.

गंमत पुढेच आहे. महाविद्यालयात संगीत शिकवायचं असेल तर एम.ए. आणि नेट-सेट हा राजमार्ग. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत कलावंतासाठी एक दिंडी दरवाजा ठेवलेला आहे : साधी पदवी, नामवंत गुरूकडची तालीम, आकाशवाणी-दूरदर्शनची ‘अ’ श्रेणी आणि विषय समजावून देण्याची हातोटी असेल तर तो साहाय्यक प्राध्यापक होऊ शकतो. २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून क्षेत्रातल्या नाणावलेल्या माणसाला पदवीच्या अटीशिवायही बोलावता येतं. म्हणजे वीस वर्षांच्या, स्वतःहून गाणं निवडलेल्या विद्यार्थ्यांपुढे पदवीची अट सैल होते. आणि ज्या वयात कान तयार होतो त्या वयाच्या पोरांपुढे उभं राहणाऱ्याच्या बाबतीत आपण एक तर कागद मोजतो, नाहीतर काहीच मोजत नाही.

पदवीच्या अटीवरून एवढी भांडणं होतात त्यामागे खरं कारण पगार आहे, हेही बोलून टाकलं पाहिजे. पदवी असली तर एक वेतनश्रेणी, नसली तर दुसरी, आणि तीही नसली तर मानधन. म्हणून विशारद किंवा त्यापुढचं अलंकार झालेले कितीतरी जण मुक्त विद्यापीठातून इतिहासात किंवा राज्यशास्त्रात बी.ए. करून ठेवतात. त्या बी.ए.चा गाण्याशी काडीचा संबंध नसतो, पण तेवढ्यावर श्रेणी बदलते. यात त्यांना हसण्यासारखं काही नाही, घर त्यांनाही चालवायचं असतं. शिवाय जागा आहेतच किती? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, क्रीडा आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं म्हटलंय. अंशकालीन! आणि ‘कला’ या एका शब्दात चित्र, गाणं, नाच, नाटक सगळं आलं. शाळेने चित्रकला शिक्षक घेतला की कायदा पाळला गेला.

चित्रकलेचं नाव निघालंच आहे तर तिच्याकडे जरा नीट बघू. चित्रकला शिक्षकाला महाराष्ट्रात ए.टी.डी. ही पदविका आहे. कला संचालनालय १९६५ पासून आहे. राज्यात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा होतात, पदविकेचा अभ्यासक्रम चालतो, आणि त्या अभ्यासक्रमात वर्गावर जाऊन पाठ घेणं आलंच. सगळे चित्रकला शिक्षक उत्तम निघतात असं नाही, पण शाळेत चित्रं शिकवणारा माणूस कसा तयार करायचा याचं काहीतरी उत्तर राज्यापाशी आहे. शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांना दहावीला वाढीव गुण देण्यापर्यंत सरकार आलं, २०२३ साली राज्यगीतही ठरलं, पण ते गीत मुलांना सुरात कोण शिकवणार, त्या माणसाचं शिक्षण कुठे होणार, याची वाट अजून कुणी आखलेली नाही.

असं शिक्षण होऊच शकत नाही म्हणावं, तर शेजारी गोव्यातच त्याचा दाखला आहे. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांत मेस्त्री म्हणजे तिथला संगीत शिक्षक गावातल्या पोरांना सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर वाचून गायला, आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचा. त्याच्यापुढे गवई घडवण्याचं ध्येय नव्हतं. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून सुरात गायलं पाहिजे एवढंच काम होतं, आणि ते नेमाने होत होतं. त्याच शाळांतून शिकून मुंबईला आलेल्या गोवेकरांनी पुढे हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद सांभाळले. युरोप-अमेरिकेत संगीत शिक्षणाची पदवी गायन-वादनाच्या पदवीपासून वेगळीच असते, आणि प्रत्यक्ष शाळेत शिकवल्याशिवाय ती पुरी होत नाही. हंगेरीत १९५० साली संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या प्रेरणेने केचकेमेट गावात रोज गाण्याचा तास असणारी प्राथमिक शाळा सुरू झाली.

तेव्हा विशारद की पदवी, या वादात मी कुठल्याच बाजूचा नाही. दोन्ही चालाव्यात, आणि दोन्ही अपुऱ्या मानाव्यात. वर एका वर्षाची संगीत अध्यापनाची पदविका हवी : मुलांचा आवाज, मोठ्या वर्गाला एकत्र शिकवणं, लोकगीतांचा साठा, पेटीशिवाय सूर देणं, आणि भरपूर सराव पाठ. ती पदविका असेल त्याला पदवीधर शिक्षकाची वेतनश्रेणी द्यावी, मग त्याचा आधीचा कागद मंडळाचा असो की विद्यापीठाचा. आणि त्या चौथीच्या बाईंसारख्यांनाही तिथे प्रवेश असावा. त्यांना ख्याल येत नाही म्हणून दार लावू नये. हे काम मंडळाला, विद्यापीठांना आणि शिक्षण खात्याला मिळूनच करता येईल, एकट्याला नाही. ते होईपर्यंत वाट पाहण्यात आणखी एक पिढी ओठ हलवत मोठी होईल.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना एक विनंती. पुढच्या वेळी संगीत शिक्षकाच्या मुलाखती घ्याल तेव्हा समितीपुढे उमेदवाराला यमन गायला बसवू नका. त्याला पाचवीच्या वर्गावर पाठवा आणि एका तासिकेत नवं गाणं शिकवायला सांगा. तुम्ही मागच्या बाकावर, न गाणाऱ्या मुलांच्या शेजारी बसा. तास संपताना ती मुलंही गात असतील तर फाइल उघडा आणि प्रमाणपत्रं बघा.