स्थितांबर आणि स्थितप्रज्ञ



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५४ ते ७२.

अर्जुन विचारतो, स्थितप्रज्ञ माणूस बोलतो कसा, बसतो कसा, वागतो कसा? हा भाग वाचताना आपल्यासमोर एक चित्र उभं राहतं: सगळ्यांपासून दूर, उंचावर बसलेला, कशाचाच फरक न पडणारा कोणीतरी. मग ऑफिसमध्ये शेजारच्याची नोकरी जाते, घरी आई काळजीने रात्रभर जागते, आणि आपण म्हणतो, "मी साक्षीभावात आहे." ही खरंच स्थिरता आहे का?

स्ट्रॅटोस्फिअरला मराठीत छान शब्द आहे: स्थितांबर. आपण राहतो ते त्याखालचं तपांबर. ढग, पाऊस, वादळं जवळपास सगळी इथलीच, कारण जमिनीजवळची गरम हवा सतत वर चढत राहते. भारताच्या बऱ्याच भागावर साधारण १६-१७ किलोमीटर उंचीवर स्थितांबर सुरू होतं, ते सुमारे ५० किलोमीटरपर्यंत. तिथे सगळं उलटं: जितकं वर जावं तितकी हवा उबदार. गरम थर वर, थंड खाली, म्हणून घुसळण नाही.

ही ऊब येते कुठून? तिथला ओझोन सूर्याचे घातक अतिनील किरण शोषून घेतो. त्यात त्याचा रेणू तुटतो, पुन्हा जुळतो, आणि किरणांची उष्णता होते. म्हणजे स्थितांबर नुसतं उंचावर आहे म्हणून शांत नाही. आपल्या वाट्याचा दाह ते स्वतःवर घेतं, म्हणून शांत आहे.

कृष्णही अर्जुनाला रणांगण सोडून जा म्हणत नाही. राग-द्वेष सोड आणि याच जगात वावर, असं सांगतो.

इथे एक धोकाही आहे. १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीतला गंधकाचा वायू थेट स्थितांबरात गेला. तिथे धुऊन काढायला पाऊस नाही. त्याचं धूसर आवरण दोनेक वर्षं राहिलं आणि पृथ्वी जवळपास अर्धा अंश थंडावली. वरून शांत दिसणाऱ्या मनातली अढी अशीच असते. वादळ होत नाही, पण नात्यातली ऊब जाते.

म्हणून दुसऱ्याचा दाह घ्यावा, अढी ठेवू नये.

आजचं मनन: माझ्या शांत असण्याने आज कोणाला सावली मिळाली?

राम कृष्ण हरि.